तुमचे प्रश्न : लांबच्या गॅलक्सी जरा ओढल्यासारख्या का दिसतात?

मागच्या अंकात मी वीक लेन्सिंगबद्दल दोन पानं लिहिली होती. लांबच्या गॅलक्सीचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेतल्या वस्तुमानामुळे किंचित वाकतो, त्यामुळे त्या गॅलक्सीचा आकार एखाद्या टक्क्याने ओढल्यासारखा दिसतो, आणि अशा लाखो गॅलक्सी मोजल्या की मधे कुठे किती वस्तुमान आहे, अगदी न दिसणारं डार्क मॅटरसुद्धा, त्याचा नकाशा काढता येतो, असं त्यात होतं. त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देतेय. बऱ्याच जणांचा मुद्दा एकच होता, त्यामुळे काही प्रश्न एकत्र केलेत, आणि "हे असं एका टक्क्यावरून कसं काय ठरवतात बुवा, विश्वास बसत नाही" हा सूर ज्या पत्रांत होता त्यांना सगळ्यात जास्त जागा दिलीय, कारण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

प्रश्न : ताई, प्रकाशाला वजनच नसतं, मग गुरुत्वाकर्षण त्याला वाकवणार कसं? आम्ही शाळेत वस्तुमान गुणिले वस्तुमान भागिले अंतराचा वर्ग असं शिकलो, त्यात एक वस्तुमान शून्य टाकलं की सगळंच शून्य. (निवृत्त शिक्षक, बार्शी)

उत्तर : सर, तुमचा हिशोब त्या सूत्रापुरता बरोबरच आहे, पण सूत्रच अपुरं आहे. आइनस्टाइनने १९१५ साली जे मांडलं त्यात गुरुत्वाकर्षण म्हणजे दोन वस्तूंमधली ओढ असं नाहीच, वस्तुमानामुळे भोवतालची जागाच वाकते आणि प्रकाश आपला त्या वाकलेल्या जागेतून त्यातल्या त्यात सरळ वाटेने जातो, लांबून बघणाऱ्याला मात्र ती वाट वळलेली दिसते. वजन असो नसो, वाट सगळ्यांना तीच. गंमत म्हणजे प्रकाशाचे कण मानून न्यूटनच्या पद्धतीने हिशोब केला तरी थोडं वाकणं निघतं. सूर्याच्या अगदी कडेवरून जाणाऱ्या किरणासाठी ते ०.८७ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) येतं आणि आइनस्टाइनच्या पद्धतीने बरोबर दुप्पट, १.७५ आर्कसेकंद. म्हणजे कोण बरोबर हे मोजूनच ठरवता येणार होतं. १.७५ आर्कसेकंद म्हणजे किती तर दहा रुपयाचं नाणं सव्वातीन किलोमीटरवर धरलं की जेवढं दिसेल साधारण तेवढं. २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात सूर्य नेमका वृषभ राशीतल्या हायडीज तारकागुच्छासमोर होता, म्हणजे आपल्या रोहिणीच्या आजूबाजूला, तिथे मोजायला भरपूर तारे. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेले, दुसरी टीम ब्राझीलमधल्या सोब्रालला. दोन्हीकडचं मिळून उत्तर आइनस्टाइनच्या बाजूने आलं. वीक लेन्सिंगमधे होतं तेही हेच, फक्त सूर्याच्या जागी अख्खे गॅलक्सींचे समूह आणि त्यांच्यामधला डार्क मॅटरचा पसारा असतो.

प्रश्न : स्ट्राँग लेन्सिंग आणि वीक लेन्सिंग यात नक्की फरक काय? फोटोत जी कडी दिसते ती कुठली? (अकरावी सायन्स, नाशिक)

उत्तर : तू म्हणतेस ती कडी म्हणजे आइनस्टाइन रिंग, ते स्ट्राँग लेन्सिंग. लांबची गॅलक्सी, मधलं वस्तुमान आणि आपण एका रेषेत आलो आणि मधलं वस्तुमान भरपूर घट्ट असलं तर मागच्या गॅलक्सीची कमान नाहीतर पूर्ण कडी दिसते, कधी एकाच वस्तूच्या दोन किंवा चार प्रतिमा दिसतात. १९७९ साली अशी पहिली जोडी सापडली, एकाच क्वेसारच्या, म्हणजे लांबच्या गॅलक्सीच्या झगझगीत केंद्राच्या, दोन प्रतिमा शेजारी शेजारी. आणि युक्लिड या अंतराळातल्या टेलिस्कोपला एनजीसी ६५०५ या गॅलक्सीभोवती सापडलेली कडी तर बघच, फेब्रुवारी २०२५ मधे जाहीर केली. गॅलक्सी फक्त ५९ कोटी प्रकाशवर्षांवर, म्हणजे या धंद्यात शेजारच्या वाड्यातली, शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत असलेली, आणि कडी कुणाला दिसली नव्हती.

वीक लेन्सिंगला असं नशीब लागत नाही. आकाशात कुठेही बघ, प्रत्येक लांबच्या गॅलक्सीचा प्रकाश वाटेत कशा ना कशाजवळून आलेलाच असतो, त्यामुळे प्रत्येकीचा आकार थोडा तरी बदललेला आहे. फक्त तो बदल इतका बारीक की एका गॅलक्सीकडे बघून तो कधीच दिसणार नाही. किती बारीक ते तुझ्या पुढच्या प्रश्नकर्त्याला सांगतेय, तेही वाच, कारण हा विषय खरा तिथे सुरू होतो.

प्रश्न : मी एका कारखान्यात क्वालिटीला आहे, दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात. आमच्याकडे मूळ ड्रॉइंग असतं म्हणून पार्ट किती वाकडा आलाय ते सांगता येतं. तुमच्या गॅलक्सीचं ड्रॉइंग कुणाकडे आहे? ती मुळातच लांबट असेल तर? आणि तुमचा टेलिस्कोपच वाकडा दाखवत नाही कशावरून? (पिंपरी)

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. या विषयात काम करणारे लोक आयुष्यभर याच तीन प्रश्नांशी झटत असतात आणि तुम्ही ते एका पोस्टकार्डात बसवलेत.

पहिला मुद्दा, ड्रॉइंग नाही. खरंच नाही. एखादी गॅलक्सी मुळात गोल होती का लांबट हे कुणालाही माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. आता गावातला हरिनाम सप्ताह डोळ्यासमोर आणा. काल्याच्या आदल्या दिवशी घरोघरच्या भाकऱ्या जमा होतात, मंदिराच्या ओसरीवर चादर पसरून त्यावर ढीग लागतो, दोन हजार, तीन हजार भाकऱ्या. कुणाची गोल गरगरीत, कुणाची एका बाजूला लांबलेली, कुणाची कडेला फाटलेली, प्रत्येक हाताची वेगळी. ढिगात त्या कशाही पडल्यात, त्यामुळे लांबट भाकऱ्यांची लांब बाजू कुणाची पूर्वेकडे, कुणाची उत्तरेकडे, कुणाची तिरपी. सगळ्यांची मिळून सरासरी काढली तर कुठलीच दिशा उरत नाही, सरासरी भाकरी गोल. आता त्या ढिगाचा फोटो काढला आणि प्रिंट काढताना कागद एका बाजूने एक टक्का ओढला गेला. एका भाकरीकडे बघून तुम्हाला हे कळेल का? शक्य नाही, भाकऱ्यांच्या आपापसातल्या आकारातच पंचवीस तीस टक्क्यांचा फरक आहे. पण तीन हजारांची सरासरी काढली की ती आता गोल येत नाही, एका दिशेला लांबट येते, आणि ती लांबट बाजू कागद कुठल्या दिशेला ओढला गेला ते सांगते. ड्रॉइंग एकेका गॅलक्सीचं नाही, गर्दीचं आहे, आणि त्या ड्रॉइंगवर एवढंच लिहिलंय की खूप गॅलक्सी घेतल्या तर सरासरी गोल असायला पाहिजे.

आकडे बघा. गॅलक्सीच्या मूळ आकारातला विस्कळीतपणा साधारण ०.३, आणि लेन्सिंगचा ताण, ज्याला शिअर म्हणतात, तो साधारण ०.०१. सरासरीतली चूक संख्येच्या वर्गमुळाने कमी होते हे तुम्हाला सांगायला नको. शंभर गॅलक्सी घेतल्या तर चूक ०.०३, म्हणजे जे मोजायचंय त्याच्या तिप्पट, काही उपयोग नाही. दहा हजार घेतल्या तर ०.००३, आता काहीतरी दिसायला लागतं. चूक ०.००१ वर आणायची तर नव्वद हजार गॅलक्सी. आणि हे आकाशाच्या एका तुकड्यापुरतं झालं, नकाशा काढायचा तर असे तुकडेच्या तुकडे. म्हणून चिलीमधल्या दुर्बिणीवरून आकाशाची पाहणी करणाऱ्या डार्क एनर्जी सर्व्हेने पहिल्या तीन वर्षांच्या डेटामधून दहा कोटी गॅलक्सींचे आकार मोजले. एकेक गॅलक्सी साक्षीदार म्हणून कुचकामी आहे, पण दहा कोटी एका सुरात काही सांगायला लागल्या तर ऐकावं लागतं.

दुसरा मुद्दा, टेलिस्कोप वाकडा असेल तर. असतोच. हवा हलते, आरसा स्वतःच्या वजनाने किंचित वाकतो, टेलिस्कोप वाऱ्याने थरथरतो, कॅमेऱ्याच्या चिपमधे इलेक्ट्रॉन शेजारच्या खान्यात सांडतात. जमिनीवरून बघताना हवेमुळे प्रत्येक बिंदू साधारण अर्ध्या ते एक आर्कसेकंदाचा डाग होतो आणि या लांबच्या गॅलक्सी स्वतःच तेवढ्या असतात, म्हणजे आपण मोजतोय ती गॅलक्सी कमी आणि डाग जास्त. आता तुमच्याकडे गेज तपासायला मास्टर पीस असतो ना, इथे ते काम आपल्याच आकाशगंगेतले तारे करतात. तारा इतका लांब आहे की तो बिंदूच दिसायला पाहिजे, त्यामुळे फोटोत तो जेवढा फुगला असेल आणि ज्या दिशेला लांबला असेल तो सगळा टेलिस्कोपचा आणि हवेचा दोष, ताऱ्याचा त्यात काहीही संबंध नाही. प्रत्येक फोटोत असे तारे विखुरलेले असतात, त्यांच्यावरून फोटोभर त्या दोषाचा नकाशा बनवायचा आणि मग गॅलक्सीच्या आकारातून तो वजा करायचा. तारे नाहीत तिथे आजूबाजूच्यांवरून अंदाज बांधायचा, आणि हाच अंदाज जरा चुकला तरी शिअर चुकतं.

मग हे सगळं करणारं सॉफ्टवेअर बरोबर आहे का ते कसं बघायचं? त्यासाठी कॉम्प्युटरवर खोट्या गॅलक्सींचे फोटो बनवतात, त्यात किती ताण टाकलाय ते फक्त बनवणाऱ्याला माहीत, आणि जगभरच्या टीम्सना सांगतात की काढा उत्तर. २००८ पासून ग्रेट नावाच्या अशा स्पर्धा झाल्या, आणि आपली पद्धत उत्तम आहे म्हणणाऱ्यांना तिथे आपली चूक आकड्यात दिसली. आणखी एक तपासणी मला फार आवडते. वस्तुमानाभोवती गॅलक्सी गोलाकार फेर धरल्यासारख्या ओढल्या जातात. आता प्रत्येक गॅलक्सीचा मोजलेला आकार मुद्दाम ४५ अंशांनी फिरवायचा आणि पुन्हा सरासरी काढायची. गुरुत्वाकर्षण असा फिरवलेला पॅटर्न जवळजवळ तयारच करू शकत नाही, म्हणून उत्तर शून्य आलं पाहिजे. नाही आलं तर समजायचं की आपल्या मोजण्यात कुठेतरी घाण आहे आणि पेपर लिहायला घ्यायचा नाही.

आणि तिसरा मुद्दा, गॅलक्सी मुळातच एका दिशेने झुकलेल्या असतील तर? याचं उत्तर मी वर्गात शिकले. चाळीस मुलांना प्रत्येकी पंचवीस लंबगोल काढायला लावले होते, कोऱ्या कागदावर, कसेही, कुठल्याही दिशेला, म्हणजे हजार गॅलक्सी झाल्या. कागद गोळा केले, स्कॅन केले, निम्मे कागद कॉम्प्युटरवर एका बाजूने ५ टक्के ओढले, निम्मे तसेच ठेवले आणि सगळ्यांचे प्रिंट मिसळून मुलांना परत वाटले. मुलांनी पट्टी आणि कोनमापक घेऊन प्रत्येक लंबगोलाची लांबी, रुंदी, कोन मोजला. ओढलेल्या कागदांत सरासरी कलती येणार हे अपेक्षितच होतं, पण न ओढलेल्या कागदांचीही सरासरी कलती आली! उजव्या बाजूला वर जाणारी. मला आधी वाटलं मोजण्यात चूक झाली, दोन दिवस ते आकडे घेऊन बसले. मग एका मुलीच्या कागदावर बोट ठेवून नुसतं बघत राहिले आणि लक्षात आलं, तिचे पंचवीसपैकी सतरा लंबगोल तिच्या अक्षरासारखेच उजवीकडे झुकलेले. वर्गात बहुतेक सगळे उजवे, हात वहीवर तिरपा येतो, "कसेही काढा" सांगितलं तरी हात आपल्याच वळणाने जातो. पुढच्या वेळी बारा झाले की कागद पाव वळसा फिरवायला लावला, त्यामुळे निम्मे एका बाजूला झुकले तर उरलेले विरुद्ध बाजूला, आणि न ओढलेल्यांची सरासरी सरळ शून्याजवळ आली.

खऱ्या गॅलक्सीतही हे होतं. एकाच मोठ्या समूहाजवळ जन्मलेल्या गॅलक्सी त्याच्या ओढीने एकमेकींसारख्या झुकलेल्या असू शकतात, लेन्सिंगशी संबंध नसताना. याला इंट्रिन्सिक अलाइनमेंट म्हणतात. आकाशाचा कागद तर फिरवता येत नाही, म्हणून मग वेगवेगळ्या अंतरावरच्या गॅलक्सींची तुलना करतात, कारण शेजारणींचं झुकणं साधारण एकाच अंतरावरच्यांमधे असतं आणि लेन्सिंग मात्र जितकं मागे जाल तितकं वाढत जातं. पूर्ण सुटलेला प्रश्न आहे असं नाही, पण कुठे शोधायचं ते माहीत आहे.

प्रश्न : अंतरं कशी कळतात पण? इतक्या कोट्यवधी गॅलक्सींची अंतरं मोजायला किती वर्षं लागतील? (कणकवली)

उत्तर : तुमचं पत्र कणकवलीचं आहे म्हणून आंब्यावरच सांगते. आंबा आतून तयार आहे का हे नक्की कळायचं तर चिरून बघायला पाहिजे. गॅलक्सीच्या बाबतीत चिरणं म्हणजे तिच्या प्रकाशाचा स्पेक्ट्रम घेणं, त्यातल्या रेषा लाल बाजूला किती सरकल्यात त्यावरून अंतर पक्कं कळतं, पण एकेका फिकट गॅलक्सीला वेळ फार लागतो, दहा कोटींना तो कुठून आणणार. मग पेटी उघडून रंगावरून, वासावरून जसा जाणकार सांगतो की हा आजचा, हा दोन दिवसांनी, तसं करतात. पाच सहा किंवा नऊ वेगवेगळ्या रंगांच्या फिल्टरमधून गॅलक्सी किती उजळ दिसते ते मोजतात आणि त्यावरून अंतराचा अंदाज बांधतात, फोटोमेट्रिक रेडशिफ्ट म्हणतात त्याला. जाणकार एखादवेळी चुकतो, चालतं. पण तो सगळ्या पेटीबाबत एकाच बाजूला चुकत असेल, प्रत्येक आंबा एक दिवस लवकर सांगत असेल, तर अख्खा हिशोब घसरतो. म्हणून काही हजार गॅलक्सींचे खरे स्पेक्ट्रम घेऊन, म्हणजे थोडे आंबे चिरून, अंदाज ताडून बघतात. पुढच्या उत्तरात हीच गोष्ट महत्त्वाची ठरणार आहे.

अंतर कळलं की मोठा फायदा होतो. जवळच्या गॅलक्सी एका गठ्ठ्यात, लांबच्या दुसऱ्या, त्याहून लांबच्या तिसऱ्या असे थर करता येतात, आणि लांब म्हणजे जुनं, त्यामुळे डार्क मॅटरच्या गुठळ्या काळाबरोबर कशा वाढत गेल्या तेही दिसायला लागतं. डार्क एनर्जी विश्वाला जास्त वेगाने पसरवते आणि गुठळ्यांची वाढ रोखते, म्हणून ती वाढ मोजणं म्हणजे आडून डार्क एनर्जीच मोजणं.

प्रश्न : विश्व ठरवल्यापेक्षा कमी गुठळीदार निघालं, फिजिक्स बदलावं लागणार, असं काही वर्षांपूर्वी वाचलं होतं. नंतर त्याचं काय झालं? (एमएस्सी विद्यार्थी, पुणे)

उत्तर : ते एस-८ नावाच्या आकड्याचं प्रकरण. साधारण पावणेचार कोटी प्रकाशवर्षं त्रिज्येचे गोळे विश्वात कुठेही ठेवले तर त्यातलं वस्तुमान एका गोळ्यापासून दुसऱ्या गोळ्यापर्यंत किती कमी जास्त होतं, हा एक आकडा, आणि विश्वात एकूण पदार्थ किती हा दुसरा. लेन्सिंगला हे दोन्ही वेगळे नीट करता येत नाहीत, म्हणून दोघांचं मिश्रण करून एस-८ केलाय. प्लँक उपग्रहाने विश्व फक्त ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचा प्रकाश मोजला आणि तिथून पुढे आजपर्यंतचा हिशोब केला तर एस-८ साधारण ०.८३ यायला पाहिजे. लेन्सिंगवाल्यांनी मोजलं तेव्हा कीड्स नावाच्या आकाशाच्या आणखी एका सर्व्हेकडून ०.७६ च्या आसपास, डार्क एनर्जी सर्व्हेकडून ०.७७६, आणि जपानच्या सुबारू टेलिस्कोपवरच्या हायपर सुप्रीम कॅमकडूनही २०२३ मधे ०.७७६. एकेकटे आकडे दोन तीन सिग्माच्या (सिग्मा म्हणजे मोजण्यातली नेहमीची अपेक्षित चूक) आतबाहेर, म्हणजे फार ओरडण्यासारखं नाही, पण तीन वेगळे टेलिस्कोप, तीन वेगळ्या टीम्स, आणि सगळे एकाच बाजूला कमी. साहजिकच लोकांना वाटलं इथे काहीतरी नवीन आहे, मलाही वाटलं होतं आणि मी त्यावर उत्साहाने बोलत होते.

मग मार्च २०२५ मधे कीड्सने आपला शेवटचा, सगळा डेटा धरून केलेला निकाल दिला, जवळजवळ १,३५० चौरस अंश आकाश, नऊ फिल्टर. एस-८ आला ०.८१५. प्लँकशी जुळणारा. काय बदललं होतं? आकाश वाढलं होतं, फोटोंची प्रक्रिया सुधारली होती, पण जास्त फरक पडला तो अंतरांच्या अंदाजात, म्हणजे वर सांगितलेले आंबे चिरून ताडून बघणं त्यांनी आधीपेक्षा खूपच नीट केलं होतं.

तुम्ही एमएस्सी करताय म्हणून एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगते. या टीम्स आपलं उत्तर स्वतःपासून लपवून ठेवतात. कीड्सच्या लोकांनी आधीच्या विश्लेषणांत डेटाच्या तीन प्रती केल्या होत्या, एक खरी आणि दोन मुद्दाम बदललेल्या, कुठली खरी ते टीमबाहेरच्या माणसाकडे. सगळं विश्लेषण तिन्ही प्रतींवर पूर्ण करायचं, सगळ्या तपासण्या झाल्या की मगच पाकीट उघडायचं, आणि उघडल्यावर उत्तर आवडलं नाही म्हणून मागे जाऊन काही बदलायचं नाही. ०.७६ आला तेव्हा त्यांनी तो तसाच छापला, ०.८१५ आला तेव्हा तोही. नवीन फिजिक्स हातातून निसटलं म्हणून काही जण हळहळले, पण माझा या मोजमापावरचा विश्वास त्या दिवशी वाढला. बाकीच्या दोन टीम्सचे, म्हणजे डार्क एनर्जी सर्व्हे आणि सुबारूचे, आकडे अजून थोडे खालीच आहेत, तेव्हा विषय संपला असंही म्हणू नका.

प्रश्न : डार्क मॅटर वगैरे काही नसून गुरुत्वाकर्षणाचा नियमच चुकीचा असेल, असं का नाही म्हणत? (सोलापूर)

उत्तर : म्हणतात ना, आणि गंभीरपणे काम करणारे लोक म्हणतात. त्यांना सगळ्यात जड जातो तो बुलेट क्लस्टर. गॅलक्सींचे दोन समूह एकमेकांवर आदळून आरपार गेलेत. अशा समूहात साध्या पदार्थापैकी बहुतेक सगळा तापलेल्या गॅसमधे असतो, गॅलक्सींमधे त्यामानाने थोडा. टक्कर झाल्यावर गॅस एकमेकांत अडकून मधेच रेंगाळला, तो एक्स-रेमधे चंद्रा वेधशाळेला स्वच्छ दिसतो. गॅलक्सी मात्र आरपार पुढे निघून गेल्या. आता वस्तुमान कुठे आहे हे वीक लेन्सिंगने मोजलं, २००६ साली डग्लस क्लोव आणि सहकाऱ्यांनी ते छापलं, आणि ते गॅसजवळ नाही, पुढे गेलेल्या गॅलक्सींबरोबर निघालं. नुसता नियम बदलायचा तर जिथे साधा पदार्थ जास्त तिथेच ओढ जास्त दिसायला हवी होती. ओढ एकीकडे आणि पदार्थ दुसरीकडे, हे न दिसणारं काहीतरी खरोखर तिथे असल्याशिवाय समजावून सांगणं फार अवघड आहे.

प्रश्न : ही कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली, आणि पुढे काय येतंय? (बऱ्याच जणांनी विचारलंय)

उत्तर : गॅलक्सी भिंगासारखं काम करतील हे फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३७ मधेच लिहिलं होतं. पण मोजायच्या बाबतीत मला नेहमी टोनी टायसन यांचं नाव घ्यावंसं वाटतं. ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोटोग्राफिक प्लेट्सवरून गॅलक्सींभोवतीचं लेन्सिंग शोधायचा प्रयत्न १९८४ मधे छापला, काही सापडलं नव्हतं. मग सीसीडी, म्हणजे डिजिटल चिपचे, कॅमेरे आले आणि १९९० मधे त्यांनाच दोन मोठ्या समूहांमागच्या गॅलक्सी फेर धरल्यासारख्या झुकलेल्या दिसल्या. विशिष्ट समूह न निवडता, आकाशात कुठेही बघून हा ताण मोजणं, ज्याला कॉस्मिक शिअर म्हणतात, ते २००० साली चार वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी केलं. आणि टायसन त्यानंतर ज्या दुर्बिणीच्या मागे लागले ती म्हणजे चिलीतल्या सेरो पाचोन डोंगरावरची रुबिन वेधशाळा, ८.४ मीटरचा आरसा, ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, २३ जून २०२५ ला तिचे पहिले फोटो जगाने बघितले. दहा वर्षं ती दक्षिणेकडचं आकाश पुन्हा पुन्हा टिपणार.

युक्लिड १ जुलै २०२३ ला उडाला, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर बसलाय, आरसा फक्त १.२ मीटरचा पण हवा मधे नाही त्यामुळे डाग एकदम लहान. त्याचं लक्ष्य आकाशाचा एक तृतीयांश भाग आणि दीडशे कोटी गॅलक्सींचे आकार. त्याच्या आरशांवर काही नॅनोमीटर जाडीचा बर्फ साठला होता, दृष्टीला न दिसणारा, पण तारे हळूहळू मंद व्हायला लागले म्हणून कळलं. मार्च २०२४ मधे एकच आरसा उणे १४७ अंशांवरून उणे ११३ पर्यंत तापवला आणि प्रकाश १५ टक्क्यांनी वाढला. सगळी दुर्बीण तापवली असती तर भिंगं आरसे जरा हलले असते आणि मग आकार मोजायचे कसे, म्हणून एकेक आरसा तपासत गेले.

प्रश्न : आपल्याकडे कुणी हे काम करतं का? आणि मला घरी बसून काही करता येईल का? (बारावी, परभणी)

उत्तर : हो आणि हो. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत सुहृद मोरे आहेत. सुबारूच्या ज्या २०२३ च्या निकालाबद्दल वर लिहिलं त्यातल्या एका मुख्य पेपरचे ते पहिले लेखक, अडीच कोटी गॅलक्सींचे आकार होते त्यात. आयुकाच्याच अनुप्रीता मोरे स्पेस वॉर्प्स हा प्रकल्प सुरू करणाऱ्यांपैकी एक, त्यात सामान्य लोक फोटो बघून कमानी आणि कड्या, म्हणजे स्ट्राँग लेन्स, शोधून देतात, युक्लिडच्या फोटोंसाठीही अशी मदत घेतली गेली.

आणि वीक लेन्सिंगच हवं असेल तर लंबगोलांचा प्रयोग कर, वर्ग नसला तरी चालेल. घरातल्या प्रत्येकाला, शेजाऱ्यांना, मित्रांना शंभर शंभर काढायला लाव, पाचशेच्या खाली थांबू नको. मोजताना लांबी उणे रुंदी भागिले लांबी अधिक रुंदी असा आकडा काढ, त्याला कोनाच्या दुपटीच्या कोसाइनने गुणून एक रकाना आणि साइनने गुणून दुसरा रकाना, दोन्हींची सरासरी काढायची. कोन दुप्पट का घ्यायचा? लंबगोल १८० अंश फिरला की पुन्हा तसाच दिसतो म्हणून. कागद ओढायचं काम दुसऱ्या कुणालातरी दे आणि कुठले कागद ओढलेत ते त्याला पाकिटात लिहून ठेवायला सांग. तुझे आकडे पक्के होईपर्यंत पाकीट उघडू नको. काय निघालं ते मला कळव, न ओढलेल्या कागदांचे आकडेही पाठव, मला तेच आधी बघायचेत.